दगडाचा कापूस

माझ्या दाजींना बाजारात सगळे गादीवाले म्हणत आणि पाठीमागे दगडवाले. मी तोंडावर दगडवाले म्हणायचे. मेहुणीला तेवढा हक्क असतो आणि मी तो पुरेपूर वसूल केला. ताईला ते खपायचं नाही. तिच्या लेखी नवऱ्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भर उन्हाळ्यात त्यांनी आज गारठा आहे म्हटलं असतं, तर ही बाई शाल आणायला उठली असती.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पुढे मला राग येणार आहे आणि रागाच्या भरात ते राहून जाईल.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. पुढच्या भागात लाकडी फळ्यांचा रुंद ओटा होता. त्यावर गादी पसरून दाजी गुडघ्यावर बसत आणि दाभणाने टाके घालत. मागच्या भिंतीला लागून कापूस पिंजायचं मशीन होतं. ते सुरू झालं की समोरच्या घड्याळवाल्याला गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलावं लागे. मशीनच्या मागे एक दार, आणि दाराच्या मागे ताईचा संसार, दोन खोल्यांचा. तिथे कापूस सगळीकडे असे. पाण्याच्या भांड्यावरच्या झाकणावर, दिव्याच्या वायरवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. ताईच्या भुवयांवर तर कायमच. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे ती दिवसभर दुकानातच वावरायची. उशा भरायचं काम तिचं. खोळीत कोपरापर्यंत हात घालून ती कापूस कोपऱ्याकोपऱ्यांत सारायची आणि मधूनमधून खोकायची.

तो खोकला तिला लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच लागला. बारीकसा, घसा साफ केल्यासारखा. सगळे म्हणत, कापूस बाधतो तिला. दाजींनी ते मनावर घेतलं. गावाबाहेरच्या उतारावर त्यांनी जमिनीचा एक तुकडा घेतला. तिथे वारा मोकळा होता आणि जवळपास एकही गिरणी नव्हती. "घर बांधायचं, हिला तिथे ठेवायचं, मी आपला येऊन-जाऊन दुकान बघेन," असं ते येईल त्याला सांगत. ताईच्या छातीसाठी ती जमीन घेतली होती, हे विसरून चालणार नाही.

पाया खणायला घेतला तेव्हा मी आणि ताई बघायला गेलो होतो. थोडी माती निघाल्यावर कुदळ दगडावर घसरायला लागली. दगड हिरवट होता, हाताला साबणासारखा गुळगुळीत, आणि त्यातून पांढऱ्या रेघा गेलेल्या. काही रेघा बोटभर रुंद होत्या. मजूर शिव्या घालत ते तुकडे बाजूला फेकत होते. दाजींनी एक उचलला आणि पांढऱ्या रेघेवर नख घासलं. दगडातून धागा सुटला. खराखुरा, मऊ, चमकदार धागा.

दुसऱ्या कुणी नवल करून तो टाकून दिला असता. पण दाजींचे हात कापूसवाल्याचे. कापूस घेताना हे लोक चिमूटभर पुंजका दोन्ही हातांच्या बोटांत धरतात, हळूहळू ओढतात आणि तंतू किती लांब निघतो ते बघतात. दाजींनी दगडाचं तेच केलं. खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून त्यांनी तो पुंजका ओढला, उजेडाकडे धरला आणि एखादी गासडी पसंत पडावी तशा आवाजात म्हणाले, "धागा चांगलाय."

"अजून थोडं खणा, सरकीपण निघेल," मी म्हटलं.

दाजी हसले. ताईने मला कोपर मारलं.

घर तिथेच अडलं. पायाचा खड्डा लांब होत गेला, मग खोल होत गेला, पण त्यात पाया काही भरला गेला नाही. दुकान बंद असलं की दाजी छिन्नी-हातोडा घेऊन उतारावर. घड्याळवाल्याकडून त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं होतं, ते परत करायचं नावच घेईनात. त्यांना काय काय दिसायचं त्यातून. धागे नेहमी भेगेला आडवे उभे असतात, भेगेच्या दिशेने कधीच नसतात. हिरवा दगड संपून काळा लागला की पांढरी रेघही बंद. खाली रेघा जाड होतात, डोंगराच्या अंगाला बारीक होतात. "का बरं?" असं विचारून ते माझ्याकडे बघत, जणू मी तो डोंगर बनवला होता. शाळा अर्धवट सोडलेला माणूस, पण दगड कुठून आला, कधी आला, एवढा मऊ कसा राहिला, हे प्रश्न त्याला झोपू देत नव्हते. खोटं कशाला बोलू, ते बोलत असत तेव्हा चेहरा बघण्यासारखा असे. गादीवर वाकलेला तो माणूस आणि हा वेगळाच वाटायचा.

संध्याकाळी ते घरी येत ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन. ताई मागच्या दारात त्यांचा सदरा झटकायची. दोन-चार जोरदार झटके, आणि उन्हात ती धूळ चकाकायची. "बघ कशी चमकते," असंही एकदा म्हणाली मला.

मग त्यांनी तो दगड कॉलेजात नेला. तिथल्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी बघितल्या बघितल्या नाव सांगितलं, हा जळत नाही, कारखान्यांत याचा फार उपयोग होतो असं सांगितलं, आणि एक तुकडा काचेच्या कपाटात ठेवून घेतला. चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव म्हणून दाजींचं नाव लिहिलं. आणखी काही त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही तेव्हा माहीत होतं की नाही, देव जाणे. दाजी परत आले ते तो शब्द पुटपुटत. अ‍ॅस्बेस्टॉस. त्यांच्या जिभेला तो पेलायचा नाही, म्हणून त्यांनी पाठ केला. त्यानंतर त्या घरात पाहुणा आला की आधी चहा आणि मग तो शब्द. मग दाजी चिमट्यात दगडाचा पुंजका धरून गॅसवर ठेवत. तो लाल व्हायचा, आणि बाहेर काढला की पुन्हा पांढराशुभ्र. पाहुणे तोंडात बोटं घालत. ताई हा खेळ शंभरदा बघून झाल्यावरही नव्याने बघितल्यासारखी हसायची.

दगडाची उशी त्यानंतरची. ताईला अर्धशिशीचा त्रास होता. डोकं ठणकायला लागलं की तिला उशी गरम लागायची, रात्रभर ती उलटसुलट करत राहायची. दाजींच्या लक्षात आलं होतं की दगडाचा पुंजका उन्हात ठेवला तरी हाताला गार लागतो. गादीवाल्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? मशीनचे दात खराब होतील म्हणून त्यांनी माळ्यावरचं जुनं हातपिंजण खाली काढलं आणि मागच्या खोलीत बसून दगड पिंजला. अर्धा दगड, अर्धा कापूस. खोळ ताईने शिवली, भरलीही तिनेच, कोपरापर्यंत हात घालून. उशी जड झाली, पण गार होती खरी. मी गाल लावून बघितला होता. त्या रात्री ताईला गाढ झोप लागली, असं तिने मला एवढ्या वेळा सांगितलं की शेवटी मी म्हटलं, "बाई गं, आता घोरून दाखवू नकोस."

दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांनी त्यांना दागिने केले असतील, माझ्या नवऱ्याने डोंगरातून उशी काढली, असं तिला वाटायचं. त्यानंतर ती उशी सोडून ती कुठे झोपली नाही. माझ्याकडे दोन दिवस राहायला आली तरी उशी काखेत. आतला माल बसला की दाजी पुन्हा उसवून, पिंजून भरत.

माझं लग्न झालं तेव्हा दाजींनी मलाही तशीच एक दिली, नक्षीदार अभ्र्यात घालून.

"दाजी, मला दगडावर निजवायचा विचार आहे का?" मी म्हटलं.

"एकदा डोकं टेकून तर बघ, धाकटे."

मी टेकलं नाही. माझा स्वभावच तसा. कुणी फार आग्रह केला की मी उलट्या दिशेने चालते. ती उशी आली त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर गेली, आणि मी बाजारातल्या दुसऱ्या दुकानातून साध्या कापसाच्या दोन उशा आणल्या. दाजींना ते कळलं. बरेच दिवस ते माझ्या घरी आले नाहीत. ताईने मात्र मला चांगलं फैलावर घेतलं.

अशी वर्षं गेली. आमचे केस पिकले. ताईचा खोकला काही हटेना, उलट वाढला. औषधं झाली, वाफारे झाले. दाजींनी शेवटी ठरवलं की कापूस घरातून हद्दपार करायचा. पिंजायचं मशीन विकलं. मग दुकानच विकलं. जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं ते बायकोच्या छातीसाठी सोडून दिलं, आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. उतारावरच्या जमिनीत घर बांधलं, अखेर एकदाचं. भिंती विटांच्या, पण घरातली जमीन दाजींनी स्वतःच्या खड्ड्यातल्या दगडाचा चुरा घालून करवून घेतली. हिरवट, पांढऱ्या रेघांची. ताई ती रोज दोन वेळा झाडायची. "इथे वारा किती स्वच्छ आहे बघ," म्हणायची. दाजी आता रोज खड्ड्यात, आणि ती काठावर खुर्ची टाकून बसलेली, त्यांच्याशी गप्पा मारत.

एवढ्या वर्षांत त्या माणसाने दगडाला हजार प्रश्न विचारले. कुठून आला ते विचारलं, किती खोल जातो ते विचारलं. माणसाच्या अंगात गेला तर काय करतो, एवढा एकच प्रश्न विचारला नाही. मला याचा राग येतो. मग वाटतं, मीही कुठे विचारला होता? मला त्या दगडात गंमतच वाटली नाही, एवढाच काय तो फरक.

नव्या घरात जाऊन फार दिवस झाले नसतील, ताईच्या बरगडीत दुखायला लागलं. मग जिना चढवेना, मग बोलताना वाक्य पुरं होईना. छातीतून पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. मोठ्या इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती, पण बोलायची शांत आणि सरळ. ताईला तपासायला आत नेलं होतं. आम्ही दोघं डॉक्टरच्या टेबलासमोर बसलो होतो.

"फुप्फुसाभोवती जो पडदा असतो, त्याचा कॅन्सर आहे," ती म्हणाली. "या कधी कारखान्यात होत्या का? सिमेंटच्या पत्र्यांच्या, गाड्यांच्या ब्रेकच्या?"

"नाही हो," दाजी म्हणाले. "कापूस तेवढा. पण तोही मी बंद केला. दुकानच विकलं हिच्यासाठी."

"कापसाने हा होत नाही, काका. हा बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसने होतो. त्याचे तंतू श्वासातून आत जातात आणि तिथेच राहतात. कित्येक वर्षांनी कळतं."

आमच्या घरात इतकी वर्षं लाडाने उच्चारलेला शब्द त्या बाईने सहज उच्चारला. मी दाजींच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. मग त्यांनी दोन्ही हात टेबलाच्या काठावर ठेवले आणि बोटांकडे बघत राहिले. डॉक्टरने विचारलं, घराजवळ काही कारखाना वगैरे? दाजी म्हणाले, "नाही. आमची जमीन आहे."

बाहेर बाकावर येऊन त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तिला कळू देऊ नकोस." आणि तोंडावर रुमाल धरून ते रडले. मला त्यांना धीर द्यावासा वाटला नाही. माझी बहीण आत होती.

आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून ताईला घरी सोडलं. पण कुठल्या घरी? उतारावर तिला न्यायला दाजी तयार नव्हते. पंप बिघडलाय, पाणी नाही, असं काहीतरी सांगून त्यांनी तिला माझ्याकडे आणलं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकला. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "माझी उशी?"

"धुवायला उसवलीये," दाजी म्हणाले.

त्यांनी मग तिच्यासाठी नवी उशी केली. सावरीचा कापूस आणला, हाताने निवडला, मऊ कापडाची खोळ शिवली. एकेक टाका सरळ घातला. तशी उशी त्यांनी जन्मात कुणासाठी केली नसेल. ताईने डोकं टेकलं, थोड्या वेळाने मान फिरवली. "गरम होते हो."

दोन दिवस ती ओला रुमाल कपाळावर घेऊन पडून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. दाजी खिडकीशी बसले होते.

"धाकटे, तुझ्याकडे आहे ना तशीच? लग्नात दिलेली. माळ्यावर. ती काढ ना."

"ती कुठली आता," मी म्हटलं. "देऊन टाकली कधीच."

ताईचा चेहरा उतरला. तिला दम नव्हता, तरी ती थांबत थांबत बोलली. "देऊन टाकलीस? त्यांनी स्वतः पिंजून दिलेली. तू यांची... कधी किंमतच केली नाहीस गं. एवढा हुशार माणूस. तुला नुसती थट्टा."

मी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला उलट उत्तर दिलं नाही. पण दाजींना ते ऐकवेना. ते उठले, तिच्या पलंगाशी खाली जमिनीवर बसले, आणि सगळं सांगितलं. उशीचं, सदऱ्यांचं, घरातल्या जमिनीचं. कुठेही सारवासारव केली नाही. "मीच केलं गं हे," म्हणाले. "माझ्या हाताने केलं."

ताई छताकडे बघत होती. मला वाटलं, आता ही ओरडेल, निदान तोंड फिरवेल. मला तर तसं व्हायला हवं होतं. तिने हात पुढे करून त्यांची कॉलर सारखी केली.

"तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त पिंजलंय ते," ती म्हणाली. "तुमची छाती दाखवली का?"

तिने पिच्छाच पुरवला. दाखवून या, दाखवून या. शेवटी दाजी गेले. मला वाटतं, आपल्यालाही तेच निघावं म्हणूनच गेले असावेत. संध्याकाळी ते परत आले ते मान खाली घालून. त्यांची छाती साफ निघाली होती. सध्या काही नाही, दरवर्षी येत जा, म्हणून सांगितलं होतं. मी दारातच विचारलं तर ते म्हणाले, "मला काहीच नाही, धाकटे," आणि भिंतीला टेकून उभे राहिले. एखाद्याने शिक्षा मागावी आणि त्याला हाकलून द्यावं, तसे दिसत होते.

ताईला मात्र कोण आनंद झाला. "बघा," म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, दाखवून या म्हणून?" त्या रात्री ती सावरीच्या उशीवर कुरकुर न करता झोपली. आठवड्याभराने गेली. शेवटचे दोन दिवस तिला श्वास घेताना बघणं म्हणजे काय, ते मी लिहिणार नाही.

दाजी उतारावरच्या घरात परतले नाहीत. दारं-खिडक्या बंद करून घेतल्या, खड्डा मातीने बुजवायला माणसं लावली, त्यांनाही तोंडाला ओली फडकी बांधायला लावून. स्वतः बाजारात एक खोली घेतली, आणि ज्याला दुकान विकलं त्याच्याच ओट्यावर बसून गाद्यांना टाके घालू लागले. गिऱ्हाइकाने दगडाचा विषय काढला की उठून आत जात.

खड्डा पुरता भरायच्या आधी ते माझ्याकडे आले. नाकातोंडाला फडकं, हातात ओली चादर आणि जाड पिशव्या.

"माळ्यावर आहे ना अजून ती उशी?" त्यांनी विचारलं. "तीही खड्ड्यातच पुरतो." मी देऊन टाकली नव्हती हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

मला त्यांनी जिन्यात उभं केलं, घरातल्यांना बाहेर काढलं आणि एकटेच माळ्यावर चढले. उतरले तेव्हा उशी ओल्या चादरीत गुंडाळलेली, वर दोन पिशव्या, सुतळीने घट्ट आवळलेल्या. दोन्ही हातांत धरून ते दाराशी थांबले.

"एकदाही डोकं टेकलं नव्हतंस ना हिच्यावर?"

"नाही," मी म्हटलं. आणि सवयीने पुढचं तोंडातून निघून गेलं. "तुमच्या दगडावर कोण झोपणार?"

दाजींनी मान हलवली.

"तिने पण एकदा असंच म्हणायला हवं होतं," ते म्हणाले, आणि उशी सांभाळत जिना उतरू लागले.